सूर्य मावळण्याच्या आत

याकोबाचे पत्र मोठ्याने वाचायला पाव तास पुरतो. पाच अध्याय, १०८ वचने. नव्या करारात ते पार मागच्या बाजूला आहे आणि आपल्या मंडळ्यांत त्यावर उपदेशही तसे कमीच होतात. मंडळीत भांडण झाले की जिभेवरचा तिसरा अध्याय हमखास निघतो. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायची असली की पाचवा उघडतो. मधले बरेचसे तसेच राहून जाते. या पुस्तकातली चिंतने त्या सगळ्या पत्रावर आहेत, पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने, अडचणीचे वचनही न गाळता. रोज थोडे वाचावे, वाचलेल्यावर थांबावे आणि त्यातले काहीतरी त्याच दिवशी करावे, एवढ्यासाठी ती लिहिली.

परंपरेप्रमाणे हे पत्र लिहिणारा याकोब म्हणजे प्रभूचा भाऊ. प्रभू गालीलात फिरत होता तेव्हा त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहानाने स्पष्ट लिहून ठेवले आहे. पुनरुत्थित ख्रिस्त याकोबाला दिसला, हे पौल करिंथकरांना सांगतो. त्यानंतर हाच माणूस यरुशलेमेतल्या मंडळीचा आधारस्तंभ झाला आणि इ. स. ६२ च्या सुमारास त्याला दगडमार करून ठार केले गेले; योसेफस या यहुदी इतिहासकाराने ते नोंदले आहे. ज्याच्याबरोबर एका घरात जेवला-वाढला, त्याच्याविषयी लिहायला बसलेला हा भाऊ आपल्या नात्याचा एका शब्दाने उल्लेख करत नाही. स्वतःला नुसता दास म्हणवतो. येशूचे नावही पत्रात दोनदाच येते. पण डोंगरावरचे प्रवचन ज्याला ठाऊक आहे त्याला हे पत्र वाचताना ओळीओळीला तो आवाज ऐकू येतो: शपथ वाहू नका, दोष लावू नका, दयाळूंवर दया होईल, गरिबांचे राज्य, कसर लागलेली वस्त्रे. याकोबाने भावाचे नाव मिरवले नाही, त्याचे बोलणे मात्र मुरवून घेतले. वचन पाळणे म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

याकोबापुढे आणखी एक पान सतत उघडे होते, ते म्हणजे लेवीय १९. लेवीय म्हटले की बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. यज्ञ, चरबी, कुष्ठ, विटाळ यांची ती लांबलचक वर्णने वाचताना वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा संकल्प तिथेच मोडतो. पण एकोणिसावा अध्याय वेगळा आहे. पवित्र व्हा, असे देव सांगतो आणि लगेच शेताचे बोलतो. कापणी करताना बांधाच्या कडेपर्यंत कापू नका, द्राक्षमळ्यात गळून पडलेले वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. न्याय करताना गरिबाकडे झुकू नका आणि मोठ्याचे तोंड पाहू नका. तराजू खरा ठेवा. लोकांत चहाड्या करत फिरू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही आज्ञाही इथलीच, या सगळ्या बारीकसारीक गोष्टींच्या मधोमध. याकोबाने पक्षपातावर, चहाडीवर, शपथेवर, मजुरीवर लिहिलेले सगळे या अध्यायाशी ताडून पाहावे. जवळजवळ प्रत्येक मुद्द्याला तिथे जागा सापडते. म्हणून या पुस्तकाचा पहिला आठवडा याकोबावर नसून लेवीय १९ वर आहे. वाचकाने तो टाळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्याच अध्यायात मजुरीची आज्ञा आहे: रोजंदारीच्या माणसाची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नये. अनुवादात मोशे तीच आज्ञा पुन्हा सांगतो आणि मुदत आणखी अलीकडे आणतो. ज्या दिवसाचे काम त्या दिवशीच पैसे द्यावेत, सूर्य मावळण्याच्या आत, कारण मजूर गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला आहे. निर्गमात याच चालीची दुसरी आज्ञा आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नाही. आणि पौल इफिसकरांना रागाविषयी लिहितो तेव्हा तोही सूर्यास्ताचीच मुदत घालतो. तीन पुस्तके, तीन विषय, मुदत एकच. प्रभूने द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला सांगितला त्यातही संध्याकाळ झाल्याबरोबर मळ्याचा धनी कारभाऱ्याला हाक मारतो आणि मजुरी वाटायला सांगतो. त्या धन्याच्या औदार्यावर आपण भरपूर प्रवचने ऐकली आहेत. तो शास्त्राप्रमाणे वेळेवर पैसे देणारा धनी होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

मला या पुस्तकातून जे सांगायचे आहे ते या मुदतीत आहे. देवाच्या आज्ञेला बहुतेक वेळा आजची संध्याकाळ लावलेली असते. आपण ती पुढे ढकलतो आणि ढकलल्याला पाळणे समजतो. क्षमा करायची आहे, पण नाताळ येऊ दे. भावाशी बोलायचे आहे, पण जमिनीचा दावा मिटू दे. कामवाल्या बाईचा पगार वाढवायचा आहे, पण मुलाच्या कॉलेजची फी भरून होऊ दे. यातले काहीच आपण नाकारलेले नसते. प्रभूने दोन मुलांचा दाखला सांगितला. त्यातला एक बापाला 'जातो' म्हणाला आणि मळ्यात गेला नाही. आपल्यातले बहुतेक जण असे 'जातो' म्हणणारे आहेत.

याकोबाच्या पाचव्या अध्यायातले चौथे वचन मी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या माणसाला समजावून सांगायला जात नाही. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणे सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेले आहे, असे ते वचन सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, बीड, आष्टीकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पहाटे काळोखात फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. आजारी पडून एक दिवस बसले तर खाडा, आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. हंगाम संपताना हिशेब होतो तेव्हा कित्येकांच्या अंगावर बाकीच निघते आणि ती पुढच्या हंगामाला बांधून घेते. या मजुरांच्या काही कोप्यांत रविवारी उपासना होते. ज्या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केले, जिथल्या खेड्यापाड्यांत आपले आजे-पणजे ख्रिस्ताकडे आले, तिथले ते आपलेच लोक आहेत. त्यांच्यातल्या एखादीने हे वचन वाचले तर तिला भाष्याची गरज पडत नाही. भाष्याची गरज आपल्याला पडते, कारण आपण आता पगार देणाऱ्यांच्या बाजूला आलो आहोत. ख्रिस्ती शाळेतल्या कंत्राटी शिक्षिकेचा पगार तीन महिने रखडला असेल आणि त्याच शाळेत रोज सकाळी प्रार्थना होत असेल, तर त्या दोन आवाजांपैकी देवाच्या कानी कोणता आधी जातो, हे याकोबाने सांगून ठेवले आहे.

इथे एक जुना प्रश्न उभा राहतो आणि तो उरकून टाकण्यासारखा नाही. आपण तर विश्वासाने तरतो, कृतीने तरत नाही. मग हे सगळे मोशेच्या नियमशास्त्राकडे परत जाणे नाही का? मार्टिन लुथरला याकोबाचे पत्र खटकत होते. १५२२ च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या काडीचे पत्र म्हटले. त्याची कळकळ मला समजते. पुण्य विकत घ्यायला लावणाऱ्या व्यवस्थेशी तो झगडत होता आणि कृपेला कुठे धक्का लागू नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून जपत होता. पण पौल आणि याकोब दोघेही साक्षीला उभा करतात तो अब्राहाम एकच आहे, हे नीट पाहिले पाहिजे. पौल त्या रात्रीकडे बोट दाखवतो, जेव्हा देवाने मूल नसलेल्या म्हाताऱ्याला बाहेर नेऊन तारे दाखवले आणि त्याने विश्वास ठेवला. याकोब त्या पहाटेकडे बोट दाखवतो, जेव्हा तोच म्हातारा लवकर उठला, गाढवावर खोगीर घातले, लाकडे फोडली आणि मुलाला घेऊन मोरियाच्या वाटेला लागला. उत्पत्तीत एक गोष्ट पंधराव्या अध्यायात आहे, दुसरी बाविसाव्यात. मध्ये कितीतरी वर्षे गेली आहेत. रात्रीचा विश्वास पहाटेच्या पायात उतरला, हे याकोबाला दाखवायचे आहे. आणि पौलानेही इफिसकरांना कृपेने तारण झाल्याचे सांगून झाल्यावर लगेच पुढच्याच वाक्यांत, सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झाली, असे लिहिले आहे. आपण तारणाची वचने पाठ करतो आणि नेमके त्या पुढच्या वचनापाशी थांबतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे सगळे एका आयुष्यात बघायचे असेल तर त्याने केडगावला जावे. पंडिता रमाबाईंची ओळख सगळ्यांना आहे. संस्कृत पांडित्य, कलकत्त्यात मिळालेल्या पदव्या, १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन, हे शाळेच्या पुस्तकातही येते. मला त्यांच्या १८९६-९७ च्या दिवसांबद्दल बोलायचे आहे. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. शारदा सदन तोवर मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, त्याची घडी बसली होती, देणगीदार ठरलेले होते. रमाबाईंनी स्वतः दुष्काळ भोगला होता. त्या सोळा-सतरा वर्षांच्या असताना दक्षिणेत भटकंतीत आई, वडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेली होती. त्या उठल्या आणि मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला, धर्मशाळांत, मदत-छावण्यांत पडलेल्या मुली आणि बायका त्यांनी गोळा केल्या आणि शेकडोंनी परत आणल्या, जात न विचारता. केडगावला जमीन होती, सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून घेतलेली. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन झाले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि तिथल्या माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या तोंडांना दोन वेळचे घालणे म्हणजे रोज पहाटे धान्याच्या कोठारापासून सुरू होणारे काम होते. प्रार्थना तिथे खूप व्हायची आणि दळणही तेवढेच व्हायचे.

याच बाईंनी आयुष्याची शेवटची अठराएक वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतराला दिली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या वेळी मराठीत पवित्र शास्त्र नव्हते असे नाही. विल्यम केरीच्या, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ सालीच बाहेर पडला होता आणि नंतरही भाषांतरे होत राहिली. रमाबाईंना हवे होते ते मुक्ती सदनातल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल असे. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम तिथल्याच मुलींनी शिकून घेतले. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मला त्या छापखान्याचे फार वाटते. दुष्काळात रस्त्यावर पडलेली एक मुलगी, जिला कुणी तरी उचलून आणले, ती पुढे खिळ्यांच्या पेटीपुढे उभी राहून याकोबाचे पत्र उलट्या अक्षरांत जुळवते आहे. भाऊ किंवा बहीण उघडी असेल, तिला रोजचे अन्न नसेल आणि तुम्ही तिला नुसते 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा' म्हणालात तर काय उपयोग, हे दुसऱ्या अध्यायातले म्हणणे तिच्या बोटांखालून गेले असेल. ते कुणी पाळले म्हणून ती तिथे उभी होती.

आज्ञापालन या शब्दाची धास्ती वाटणारे वाचकही असतील आणि त्यांची धास्ती खोटी नाही. हा शब्द बायकांना गप्प बसवायला वापरला गेला आहे, सुनेला मार सहन करायला सांगताना वापरला गेला आहे, पाळकाला प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला बाहेर काढताना वापरला गेला आहे. अशा ठिकाणी वचन पाळले जात नसते, माणसाची मर्जी सांभाळली जात असते. यातही रमाबाईच वाट दाखवतात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यावर, ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशी सिद्धांतांवरून त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून आपण दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, देवाचे वचन स्वतः वाचून पटेल तेच मानू, असे त्यांनी आपल्या उपकारकर्त्यांना सरळ कळवले. निर्गमातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनी फारोची आज्ञा मोडली आणि देवाची पाळली. पेत्राने सभेपुढे तेच केले. याकोब कृतीचे उदाहरण म्हणून अब्राहामाच्या बरोबरीने राहाब वेश्येला बसवतो, जिने आपल्या राजाच्या माणसांना चकवून हेर लपवले होते. म्हणून या चिंतनांत 'पाळा' असे जिथे जिथे म्हटले आहे तिथे कोणाचे पाळायचे, हे आधी विचारावे.

मंडळीतल्या जागांविषयीचे चिंतन लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत येतो, त्याला चांगली जागा. मळक्या कपड्यातला येतो, त्याला 'तिथे उभा राहा'. आपल्या मंडळ्यांत हे अंगठीवरून तर होतेच, आडनावावरूनही होते. जात सोडून ख्रिस्ताकडे आलो म्हणणाऱ्या घरांत सोयरीक जुळवताना मूळ गाव आणि मूळ समाज हळूच विचारला जातो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' याच कारणासाठी प्रत्येक ख्रिस्ती घरात असावीत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्याच्या घरातही आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवणारी बाई ते सोवळे कसकसे सोडत गेली आणि पुढे कोणकोणत्या जातींची मुले तिने पोटच्या पोरांसारखी सांभाळली, हे तिने स्वतः सांगितले आहे. तिचे मन एका प्रवचनाने बदलले नाही. रोजच्या पाण्याच्या भांड्यावरून, जेवणाच्या पंगतीवरून ते बदलत गेले. तुमची मुलगी उद्या मंडळीतल्याच एका मुलाचे नाव घेऊन तुमच्यापुढे उभी राहिली आणि तुमच्या तोंडून पहिला प्रश्न त्याच्या समाजाचा निघाला, तर याकोबाचा दुसरा अध्याय त्या क्षणी तुमच्याशी बोलतो आहे.

जिभेवर मी थोडकेच लिहिले आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्या विषयावर लांबण लावणे शोभतही नाही.

आता पुस्तक कसे वापरावे ते सांगतो. चिंतने लहान आहेत. प्रत्येकात एक उतारा, त्यावर पानभर मजकूर आणि शेवटी एक प्रश्न. प्रश्नाचे उत्तर लिहायचे नाही. त्याखाली मुद्दामच कोरी जागा ठेवलेली नाही. सकाळी डबे, पाणी, शाळेची घाई यात शांत वेळ मिळत नसेल तर उतारा तेवढा वाचून निघावे. याकोब आरशाचा दृष्टान्त देतो: माणूस चेहरा बघतो, निघून जातो आणि कसा होता ते विसरतो. त्यामुळे दुपारी एकदा त्या प्रश्नाची आठवण काढली तर बरे. ज्या घरांत कौटुंबिक प्रार्थना होते तिथे संध्याकाळी चिंतन मोठ्याने वाचावे आणि आज कोणाकडून काय झाले, एवढे एकमेकांना विचारावे. मुलांनाही विचारावे, आणि मुलांनी आईवडिलांना विचारले तर रागावू नये. काही झाले नसेल तर तसे सांगावे. आपण सगळेच पुष्कळ गोष्टींत चुकतो, हे वाक्य याकोबाचेच आहे, आणि स्वतःला त्यातून वगळायला तो तयार नाही. एकमेकांजवळ पापे कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे तो शेवटाकडे येताना सांगतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अशीच एकत्र बसलेली, थकलेली, थोडीफार एकमेकांवर रुसलेली माणसे असणार.

एक उतारा दोन-तीन दिवस चालला तरी हरकत नाही. मजुरीवरचा तर चालावाच. ज्यांच्या घरी कामाला कोणी येते त्यांनी तो वाचण्याआधी त्या माणसाचा या महिन्याचा हिशेब बघून घ्यावा आणि काही देणे राहिले असेल तर आधी ते देऊन यावे. चिंतन नंतर वाचले तरी चालेल.